ताकेदा तेत्सुया : गाण्यातल्या बोलण्यातून घडलेला नट

प्रश्न थोडक्यात असा आहे. 1977 सालचा 'शिआवासे नो कीइरोइ हांकाची' (सुखाचे पिवळे हातरुमाल) हा जपानी चित्रपट पाहिला. त्यातला लाल गाडीवाला बडबड्या पोरगा मुळात फोक गायक होता असं नंतर कळलं. गाण्यातून आलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर इतकं सहज कसं जमलं, पुढे त्याने काय केलं, आणि त्याचं काम कोणत्या क्रमाने पाहावं?

ताकेदा तेत्सुया यांच्याबद्दल जपानीत भरपूर लिहिलं गेलंय, पण बहुतेक ठिकाणी 'गायक होते, मग नट झाले' अशी दोन खात्यांत वाटणी केलेली असते. माझ्या मते ही वाटणीच चुकीची आहे. त्यांच्या गाण्यात बोलण्याचा वाटा पहिल्यापासून मोठा होता, आणि तेच बोलणं पुढे पडद्यावर गेलं. हा धागा धरला की चाळीसएक वर्षांचं काम सरळ उलगडतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. इथे 'फोक' म्हणजे जपानचं पारंपरिक लोकसंगीत नाही. कोळ्यांची, शेतकऱ्यांची जुनी गाणी 'मिन्यो' म्हणून ओळखली जातात आणि ती वेगळी परंपरा आहे. 'फोक' म्हणजे 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या प्रभावातून आलेलं, साध्या लाकडी गिटारवर स्वतः लिहून स्वतः म्हटलेलं तरुणांचं गाणं. इंटरनेटवर शोधताना ही गल्लत झाली तर भलतीच माणसं हाती लागतात.

ताकेदा यांचा जन्म 11 एप्रिल 1949चा, फुकुओका शहरातल्या हाकाता भागातला. आईचं तंबाखू-सिगारेटचं छोटं दुकान होतं. शिक्षक व्हायचं म्हणून ते फुकुओका शिक्षण विद्यापीठात गेले आणि अभ्यासक्रम अर्धवट टाकून गिटार घेऊन बाहेर पडले. पुढे आयुष्यभर पडद्यावर ते शिक्षक म्हणूनच ओळखले गेले आणि 2008 साली त्याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली, हा योगायोग जपानी लोक फार आवडीने सांगतात.

फुकुओकाच्या तेन्जिन भागात 1970 साली 'शोवा' नावाचं तळघरातलं कॉफीहाऊस सुरू झालं. जपानी फोकच्या इतिहासात त्याला मान आहे, कारण 'ट्यूलिप', 'काई बँड' आणि पुढे नागाबुची त्सुयोशी अशी एकाहून एक मंडळी तिथे गाऊन मोठी झाली. ताकेदा, नाकामुता तोशिओ आणि चिबा काझुओमी या तिघांचा 'काईएन्ताई' हा गट त्याच वातावरणातला. नाव साकामोतो र्‍योमा या एकोणिसाव्या शतकातल्या समुराईच्या संघटनेवरून घेतलेलं. र्‍योमाने 1865 साली नागासाकीत व्यापार आणि जहाजवाहतुकीसाठी एक मंडळी उभी केली, 1867 साली तिचंच नाव काईएन्ताई झालं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस क्योतोमध्ये त्याचा खून झाला. र्‍योमाचं हे वेड लक्षात ठेवा, ते पुढे अनेकदा डोकं वर काढतं.

गटाची पहिली तबकडी 1972 सालची. ती फारशी चालली नाही. डिसेंबर 1973मध्ये आलं 'हाहा नि सासागेरु बॅलड', म्हणजे आईला अर्पण केलेलं गाणं, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

या गाण्याची रचना नीट ऐका. सुरुवातीला गोड, थोडी रडवी वाटावी अशी चाल, आईला उद्देशून. मग गाणं थांबतं, गिटारच्या तारा मात्र सुट्या सुट्या वाजत राहतात, आणि त्यावर ताकेदा आईच्या आवाजात, हाकाताच्या ठसकेबाज बोलीत स्वतःलाच झापायला लागतात. अभ्यास नाही, काम नाही, नुसती गिटार, जा तोक्योला, राबून राबून काहीतरी हो, तोवर तोंड दाखवू नकोस, अशा चालीचं ते बोलणं. श्रोते आधी हसतात. मग हसता हसता त्यांचा घसा दाटतो. शेवटी पुन्हा चाल येते.

गिटारवर बोलणं वाटतं तितकं सोपं नसतं. बोलणारा भावनेच्या भरात वेग वाढवतो आणि मागची गिटार नकळत त्याच्यामागे धावू लागते, ही सगळ्यांत मोठी अडचण. लांबलचक बोलल्यावर आवाज खाली बसतो आणि गाण्याचा पहिला सूर लागत नाही, ही दुसरी. आणि तिसरी अडचण अशी की बोलणारा स्वतःच आधी गहिवरला तर श्रोत्याला काही उरत नाही. हे गाणं ऐकताना मांडीवर हलका ठेका धरून पाहा. साथ ठेका सोडत नाही, शब्द मात्र ठेक्याच्या पुढेमागे मोकळे फिरतात. ताकेदा रडत नाहीत, ते आईचा राग वठवतात. रडण्याचं काम श्रोत्यावर सोडलेलं आहे. आपल्याकडे कीर्तनकार टाळाचा नाद चालू ठेवून निरूपणात शिरतो आणि नेमक्या जागी अभंगावर परत येतो, साधारण त्याच जातीचं हे कसब आहे. विशेष म्हणजे त्या काही मिनिटांत ताकेदा एक दुसरं माणूस होऊन बोलतात. वय वेगळं, लिंग वेगळं, मनाची ठेवण वेगळी. नट होण्याआधीची ही त्यांची पहिली भूमिका म्हणायला हरकत नाही.

गाणं प्रचंड गाजलं आणि 31 डिसेंबर 1974ला 'काईएन्ताई' एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या 'कोहाकु उता गास्सेन'मध्ये पोचले. स्त्री गायिकांचा लाल संघ आणि पुरुष गायकांचा पांढरा संघ अशी ही वर्षअखेरची स्पर्धा, आणि त्या काळी तिथे बोलावणं येणं म्हणजे देशभर मान्यता. पण उतरणही लगेच लागली. आईची नक्कल एकदाच करता येते. दुसऱ्या गाण्यात तीच युक्ती केली तर विनोद शिळा होतो, आणि न केली तर लोकांना हवं ते मिळत नाही. त्यातच बाजार बदलत होता. गोष्ट सांगणाऱ्या फोकऐवजी 'न्यू म्युझिक' म्हणवणारी, शहरी, गुळगुळीत वाद्यमेळाची गाणी पुढे येत होती. गटाची सुरुवात ज्या 'एलेक' कंपनीत झाली ती 1976 साली बुडाली. कोहाकुनंतर वर्षभरातच नववर्षाच्या आदल्या रात्री आपण बायकोबरोबर उपाहारगृहात भांडी घासत होतो, हे ताकेदा यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय.

दिग्दर्शक यामादा योजी यांच्याकडून त्यांना भूमिका मिळाली ती अशा अवस्थेत. यामादा 1969पासून अत्सुमी कियोशी या विनोदी रंगमंचावरून आलेल्या नटाबरोबर 'तोरा-सान' या भटक्या, बोलक्या फेरीवाल्याचे चित्रपट करत होते. बोलण्यावर हुकमत असलेला माणूस पडद्यावर कसा वापरायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'पिवळे हातरुमाल'ची मूळ कल्पना अमेरिकन पत्रकार पीट हॅमिल यांच्या 1971 सालच्या वर्तमानपत्री लेखातली. यामादांनी ती होक्काइदो या जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर नेली. प्रेमभंग झालेला हानादा किन्या नोकरी सोडून लाल माझदा फॅमिलिया विकत घेतो आणि बोटीने कुशिरोला उतरतो. वाटेत त्याला मोमोइ काओरी यांची आकेमी भेटते, आणि आबाशिरीच्या तुरुंगातून सुटलेला, ताकाकुरा केन यांनी केलेला शिमा युसाकु गाडीत बसतो. शेवट युबारीच्या कोळसाखाणीच्या वस्तीत.

या तिघांत ताकेदांना काम काय होतं? बोलायचं. ताकाकुरा हे जपानी पडद्यावरचं सगळ्यांत प्रसिद्ध मौन. मौन एकटं ठेवलं तर पडदा थंड पडतो, त्याच्याशेजारी अखंड टकळी असली की तेच मौन जड होतं. किन्या आगाऊ आहे, बायकांच्या मागे लागणारा आहे, भित्रा आहे, खेकडा खाऊन पोट बिघडवून घेणारा आहे. हे सगळं विनोदी ठेवूनही प्रेक्षकाने त्याला गाडीतून हाकलून द्यावंसं वाटू नये, ही खरी कसोटी. ती पार पडते कारण ताकेदा स्वतःला हसू देतात. गाण्यातही ते स्वतःलाच झापून घेत होते.

पुन्हा पाहाल तेव्हा युसाकु किन्याला खडसावतो तो प्रसंग सावकाश बघा. ताकाकुरा मूळचे फुकुओका प्रांतातल्या नाकामाचे, ताकेदा हाकाताचे. दोघांच्या पात्रांनाही तोच मुलूख दिलेला आहे, आणि त्या प्रसंगात गावाकडची बोली मध्ये येते. प्रमाण जपानीत तोच प्रसंग नुसता उपदेश झाला असता, बोलीत तो घरातल्या मोठ्या माणसाचा ओरडा होतो. उपशीर्षकांत हा फरक जवळजवळ कधीच उतरत नाही, म्हणून तिथे वाचणं थांबवून एकदा नुसतं ऐकावं.

जपान अकादमी पुरस्कार 1978 साली पहिल्यांदा दिले गेले. चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि प्रमुख अभिनेता हे पुरस्कार या चित्रपटाला मिळालेच, सहायक अभिनेता म्हणून ताकेदा आणि सहायक अभिनेत्री म्हणून मोमोइ यांनाही मिळाले. युबारीत चित्रीकरणाची जागा आणि ती लाल गाडी अजून जपून ठेवलेली आहे.

यानंतर ज्या भूमिकेने त्यांना घरोघरी नेलं ती टीबीएस वाहिनीवरची 'सान्नेन बी-गुमि किन्पाची सेन्सेइ', म्हणजे माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाच्या 'ब' तुकडीचे किन्पाची गुरुजी. पहिला भाग 26 ऑक्टोबर 1979, शुक्रवार रात्री आठ. लेखिका ओसानाइ मिएको, निर्माते यानाइ मित्सुरु. नायकाचं नाव साकामोतो किन्पाची. आडनाव र्‍योमाचं, आणि 'किन्पाची' म्हणजे 'किन्यो' (शुक्रवार) आणि 'हाची' (आठ). समोर निप्पोन टीव्हीवर त्याच वेळी 1972पासून गाजत असलेली पोलीस मालिका होती, त्यामुळे हा वार-वेळ म्हणजे बळीचा बकरा मानला जाई. पण पहिल्याच मालिकेत पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या गरोदरपणाचा विषय आला, देशभर चर्चा झाली, आणि शेवटच्या भागाने 39.9 टक्क्यांचं प्रेक्षकमान गाठलं.

किन्पाची हे जपानी भाषेचे शिक्षक. त्यांची वर्गातली भाषणं जपानमध्ये आजही नक्कलकारांचं आवडतं खाद्य आहेत. ही भाषणं कशी बांधलेली असतात ते बघण्यासारखं आहे. गुरुजी फळ्यावर एक चित्राक्षर लिहितात, त्याचे तुकडे पाडतात, 'माणूस' हे अक्षर म्हणजे एकमेकांना टेकलेल्या दोन रेघा असं काहीतरी साधं सांगतात. मग घरगुती गप्पा, एखादा विनोद. मुलं सैलावतात. मग आवाज न चढवता बोलणं एका विशिष्ट मुलाकडे वळतं, आणि तेव्हा वर्गाला कळतं की हे सगळं त्याच्यासाठी चाललं होतं. 1973च्या गाण्याचाच हा आराखडा आहे, चालीच्या जागी फळा आलाय. नवशिके नट हे उतारे सादरीकरणासाठी घेतात तेव्हा बहुतेकांची चूक एकच होते. ते पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्याचं गांभीर्य घेऊन उभे राहतात. मधली हलकी दोन मिनिटं गेली की उरतं ते प्रवचन. केस कानामागे सारण्याची ती प्रसिद्ध लकबही लोक नुसती शोभेसाठी उचलतात. ताकेदा ती विषय बदलायच्या आधी श्वासाला जागा म्हणून वापरतात.

मालिकेचं शीर्षकगीत 'ओकुरु कोतोबा' नोव्हेंबर 1979मध्ये तबकडीवर आलं. शब्द ताकेदांचे, चाल चिबांची. हे मुळात प्रेयसीला निरोप देण्याचं, संध्याकाळच्या वेळचं प्रेमभंगाचं गाणं आहे. मालिकेने त्याला शाळेच्या निरोप समारंभाचं गाणं करून टाकलं आणि जपानभर मार्च महिन्यात मुलं ते गात आली. शब्द वाचले तर पहिला अर्थ स्वच्छ दिसतो. एक सूचना: सगळ्या चाली ताकेदांच्या नावावर घालू नका. ते प्रामुख्याने गीतकार. 'ओमोएबा तोओकु ए किता मोन्दा' (1978) या गाण्याचे शब्द त्यांचे, चाल यामामोतो कोसेइ यांची, आणि शीर्षकाची ओळ कवी नाकाहारा च्यूया यांच्या कवितेतून घेतलेली.

किन्पाचीच्या आठ मालिका झाल्या, 1979 ते 2008, आणि 27 मार्च 2011ला चार तासांच्या विशेष भागाने शेवट. सगळं बघायची गरज नाही, खरं तर बघूही नये. पहिली मालिका आणि 1980–81ची दुसरी पुरेशी आहे. दुसरीत शाळेतल्या हिंसेचा विषय आहे, 'पेटीतलं एक सडकं संत्रं बाकीची सडवतं' हा शाळांचा युक्तिवाद खोडून काढणारा. मार्च 1981मधल्या चोविसाव्या भागात पोलीस मुलांना पकडून नेतात, दृश्य संथ होतं आणि संवादाऐवजी गायिका नाकाजिमा मियुकी यांचं गाणं वाजतं. इतक्या बोलक्या मालिकेचा सर्वांत गाजलेला प्रसंग मुका आहे, यातच दिग्दर्शकाची समज दिसते. नंतरच्या मालिकांत विषय अद्ययावत होत गेले, सहाव्यात (2001–02) लिंगओळखीचा प्रश्न, सातव्यात अमली पदार्थ. पण भाषणं लांबली, गुरुजी सर्वज्ञ झाले आणि स्वतःलाच हसणारा माणूस मागे पडला.

एकाच भूमिकेत अडकायचा धोका ताकेदांनीही ओळखला असावा. 1982 ते 1987 दरम्यान 'केइजी मोनोगातारी' या पाच चित्रपटांची मूळ कल्पना त्यांनी कातायामा आओइ या टोपणनावाने लिहिली आणि त्यात बुटका, गबाळा पण मार्शल आर्ट जाणणारा पोलीस रंगवला. लाकडी हँगर हत्यारासारखा फिरवणारा हा पोलीस आजही लोकांना आठवतो. याच काळात, 1982 साली, काईएन्ताई विसर्जित झाले. 1994 साली ते पुन्हा एकत्र आले.

1991 हे वर्ष मात्र मुद्दाम शेजारी ठेवून बघायचं आहे. फुजी टीव्हीवर जुलै ते सप्टेंबर 'ह्याकु-इक्काइमे नो प्रपोझ' (एकशे एकावी लग्नाची मागणी), लेखक नोजिमा शिंजी. नायक बेचाळीस वर्षांचा, 99 वेळा स्थळांकडून नकार पचवलेला, आणि समोर आसानो आत्सुको यांनी केलेली चेलोवादक, जिचा भावी नवरा अपघातात गेलेला. पुन्हा माणूस गमवायची तिला भीती. सहाव्या भागात तो धावत्या ट्रकसमोर उभा राहतो आणि 'मी मरणार नाही' असं ओरडतो. प्रमाण उच्चार 'शिनिमासेन' होईल, ते म्हणतात 'शिनिमाशेन'. 'से'चा 'शे' होणं ही क्यूशू बेटाची, म्हणजे फुकुओका ज्यावर आहे त्या बेटाची, जुनी लकब. तोक्योच्या झगमगीत प्रेममालिकेत आईच्या गाण्यातली बोली शिरली आणि ते वाक्य त्या वर्षाच्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारात गेलं. शीर्षकगीत 'चागे अँड आस्का' या जोडीचं, तेही फुकुओकाचेच.

त्याच वर्षी एनएचकेच्या 'ताइहेइकि' या ऐतिहासिक मालिकेत ते कुसुनोकि मासाशिगे होते. चौदाव्या शतकातला हा योद्धा सम्राटनिष्ठेचा पुतळा म्हणून शाळेत शिकवला जाई. ताकेदा त्याला जमिनीशी बांधलेला, लढाई टाळता आली तर बरं असं वाटणारा माणूस करतात. आवाज खाली, वाक्यं छोटी. ज्यांना वाटतं की हा नट फक्त बडबडच करू शकतो त्यांनी आधी हे पाहावं.

र्‍योमाचं वेडही सरळ पडद्यावर आलं. 1986 साली त्यांनी चित्रपटात स्वतः र्‍योमा केला. त्याच वर्षापासून कोयामा यू यांच्या चित्रांसह 'ओइ! र्‍योमा' या मांगाची (जपानी चित्रकथेची) कथा लिहायला घेतली, ती 1996पर्यंत चालली. 2010च्या 'र्‍योमादेन'मध्ये मात्र त्यांनी र्‍योमाचा गुरू कात्सु काइश्यू केला. साठी ओलांडलेल्या माणसाने आपल्या दैवताच्या शेजारी शिक्षक म्हणून उभं राहणं हे भूमिकेची निवड म्हणून फार चोख होतं.

तर क्रम असा लावा: 1973चं गाणं दोनदा, एकदा शब्दांचा अर्थ वाचून आणि एकदा न वाचता. मग 'पिवळे हातरुमाल' पुन्हा. मग किन्पाची पहिली मालिका आणि दुसरीतला चोविसावा भाग, पाठोपाठ 1991च्या दोन्ही मालिका. 2017 साली मिळालेली 'मितो कोमोन' ही वेश पालटून देशभर फिरणाऱ्या वृद्ध सरदाराची भूमिका बाकीचं झाल्यावर पाहिली तरी चालेल, ती आधीच्या नटांनी घालून दिलेल्या चाकोरीतली आहे. जपानी शिकणाऱ्यांनी, पुण्यात तर असे पुष्कळ आहेत, किन्पाचीपासून सुरुवात करावी. वर्गातलं बोलणं स्वच्छ आणि हळू आहे. हाकाताची बोली पहिल्या वर्षी कानावर घेतली तर व्याकरणाचा गोंधळ होतो.

घरात 'डोरेमॉन' बघणारी मुलं असतील तर आणखी एक दुवा आहे. 1980च्या दशकातल्या डोरेमॉन चित्रपटांच्या अनेक गाण्यांचे शब्द ताकेदांचे आहेत, आणि 1985च्या चित्रपटातलं 'श्योनेन्कि' त्यांनी स्वतः गायलंय. त्यात बोलणं नाही, नुसतं गाणं. त्यांचा निव्वळ गायक म्हणून आवाज तपासायचा असेल तर ते ऐकावं. मर्यादित पट्टी, थोडा खरखरीत गळा, आणि शब्द एकही गिळलेला नाही.